जलचक्र, नत्रचक्र, स्फुरदचक्र : नेरच्या शिवारात एका संज्ञेची परीक्षा

जीवशास्त्र, भूगोल आणि कृषिविज्ञान या तिन्ही विषयांच्या मराठी पाठ्यपुस्तकांतून ‘जलचक्र’, ‘नत्रचक्र’ आणि ‘स्फुरदचक्र’ हे सामासिक शब्द बहुधा एकाच प्रकरणात, एकापाठोपाठ एक येतात. तिन्हींची घडण एकच आहे : पूर्वपदी द्रव्याचे नाव आणि उत्तरपदी ‘चक्र’. सोबतच्या आकृत्याही एकाच साच्यातल्या असतात. बाण निघतात, वळतात आणि आरंभबिंदूपाशी येऊन मिळतात. उत्तरपद समान असले म्हणजे पूर्वपदांनी दर्शविलेली द्रव्येही समान रीतीने वागत असली पाहिजेत, असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. वस्तुतः तसे नाही. पाणी परत येते. नत्र परत येऊ शकते. आणि स्फुरद मानवी इतिहासाच्या मोजमापाने पाहिल्यास आपल्या आपण परत येतच नाही. एका शब्दाखाली झाकल्या गेलेल्या या तीन निरनिराळ्या गती वेगळ्या करून दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परीक्षेसाठी यवतमाळ जिल्ह्यातील नेर (पूर्ण नाव नेर परसोपंत) या तालुक्याचे शिवार निवडले आहे. अमरावतीहून यवतमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा प्रदेश काळ्या मातीचा, मुख्यतः पावसाच्या पाण्यावर पिकणारा आणि कापूस, तूर व सोयाबीन या पिकांचा आहे. येथील द्रव्यांची ये-जा मोजता येण्याजोगी सरळ आहे. दुसरे कारण भाषेचे. शेतीच्या मराठीत या ये-जा करण्यासंबंधी जे शब्द आहेत, ते शास्त्रीय परिभाषेहून पुष्कळदा अधिक नेमके आहेत आणि त्यांचा उपयोग आपण अद्याप पुरेसा करून घेतलेला नाही.

आरंभी ‘चक्र’ या शब्दाविषयी थोडेसे. संस्कृत ‘चक्र’ प्राकृतात ‘चक्क’ होऊन मराठीत ‘चाक’ झाले, आणि मूळ तत्सम रूप अमूर्त अर्थासाठी राखले गेले : कालचक्र, ऋतुचक्र. या शब्दांत फिरून त्याच जागी येण्याचा भाव आहे. परंतु ‘चक्रवाढ’ या व्याजाच्या संज्ञेत तो नाही. तेथे प्रत्येक फेऱ्यानिशी रक्कम मूळ जागेपासून दूरच जाते. ‘रहाटगाडगे’ या शब्दातील चित्र तर आणखी वेगळे आहे. रहाटाची गाडगी भरून वर येतात आणि रिकामी खाली जातात. चाक परत येते, पाणी परत येत नाही. पुढील विवेचनात रहाटाचे हे चित्र वाचकांनी लक्षात ठेवावे.

ज्या क्षेत्रात ही ये-जा चालते त्याला आपण ‘जीवावरण’ म्हणतो. युरोपीय भाषांत ही संज्ञा एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८७५ साली योजिली, आणि रशियन शास्त्रज्ञ व्लादिमिर व्हेर्नाद्स्की याने १९२६ च्या आपल्या ग्रंथात तिला आजचा व्यापक अर्थ दिला. मूळ शब्दात ‘गोल’ आहे, मराठी शब्दात ‘आवरण’. मराठी शब्द अधिक समर्पक वाटतो. कारण पृथ्वीच्या मानाने ही जिवंत पापुद्र्याची जाडी अगदीच थोडी आहे.

आता पाणी. यवतमाळच्या या भागात वर्षाकाठी सुमारे ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. तेव्हा ९०० मिलिमीटर पावसाचे वर्ष एका हेक्टरावर नव्वद लाख लिटर पाणी ओतून जाते. हा आकडा ऐकून विद्यार्थी चकित होतात; परंतु त्यातले वावरात किती थांबते, हा खरा प्रश्न आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट गटाच्या खनिजांची असते. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून सरळ खोल जाते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग त्याच वावरावरून पाणी वाहू लागते. एक मीटर खोलीच्या चांगल्या काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे साधारणतः १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. याच साठ्यावर पाऊस संपल्यानंतर कपाशीची बोंडे भरतात आणि हरभरा उभा राहतो.

या अवस्थेसाठी मराठीत ‘वाफसा’ (विदर्भात पुष्कळदा ‘वापसा’) हा शब्द आहे. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, मूळ श्वास घेऊ शकते आणि वखर चालू शकतो, अशी ती स्थिती. ‘वाफ’ या शब्दाशी त्याचे नाते दिसते. आणि वाफ हा संस्कृत ‘बाष्प’ या शब्दाचा वंशज. म्हणजे जमिनीच्या पाण्याचे मोजमाप शेतकऱ्याने त्या पाण्याच्या उडून जाण्यावरून केले आहे. शास्त्रदृष्ट्या हे अगदी यथार्थ आहे. पिकाने मुळांवाटे शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा दोन-तीनांहून अधिक भाग त्याच्या शरीरात राहत नाही. उरलेले पानांवाटे हवेत जाते.

जे वाहून जाते त्याचा मार्ग असा. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पाणी बेंबळेवाटे वर्धेला जाते. अडाण, अरुणावती, पूस या नद्यांचे पाणी पैनगंगेला, आणि पैनगंगाही पुढे वर्धेलाच मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. विदर्भाला मिळणाऱ्या पावसात याच उपसागरावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा वाटा मोठा आहे. थेंब तोच नसेल. समुद्रात पाणी सरासरीने काही हजार वर्षे राहते. परंतु हवेत चढलेली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पुन्हा खाली येते आणि सूर्य व गुरुत्वाकर्षण यांच्यावाचून या फेऱ्याला दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही. ‘जलचक्र’ हा शब्द म्हणून निर्दोष आहे.

नत्राकडे वळताना प्रथम नावांचा विचार करू. रासायनिक खताच्या प्रत्येक गोणीवर जी त्रयी छापलेली असते (नत्र, स्फुरद, पालाश) ती मराठी परिभाषानिर्मितीचा एक रम्य नमुना आहे. ‘नत्र’ हा ध्वनीने जुळवलेला शब्द; त्याचे पाश्चात्त्य मूळ ग्रीक ‘नित्रोन’ आणि त्याही मागे प्राचीन मिसरी भाषेपर्यंत पोहोचते. ‘स्फुरद’ हा अर्थाने जुळवलेला : ग्रीक ‘फॉस्फोरस’ म्हणजे प्रकाश वाहणारा, आणि ‘स्फुर्’ धातूत स्फुरण्याबरोबर चमकण्याचाही भाव आहे. ‘पालाश’ मात्र ध्वनी व अर्थ दोहोंनी जुळतो. ‘पोटॅश’ म्हणजे भांड्यात उकळून काढलेली राख; आणि ‘पलाश’ म्हणजे पळस, ज्याच्या राखेपासून केलेला पलाशक्षार आयुर्वेदाला परिचित आहे. ‘शिव’पासून ‘शैव’ तसे ‘पलाश’पासून आद्यस्वराच्या वृद्धीने ‘पालाश’. यवतमाळच्या रानात पळस कमी नाही, हा योगायोग येथे नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.

या त्रयीत एक खाच आहे, जी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्याही ध्यानात क्वचितच येते. गोणीवरचे नत्र म्हणजे मूलद्रव्य. परंतु गोणीवरचे ‘स्फुरद’ व ‘पालाश’ ही मूलद्रव्ये नसून त्यांची ऑक्साइडे आहेत. डी.ए.पी. या खताचे प्रमाण १८ : ४६ असे सांगतात. पन्नास किलोंच्या गोणीत त्यामुळे नऊ किलो नत्र आणि तेवीस किलो ‘स्फुरद’ असते; पण त्या तेवीस किलोंत फॉस्फरस हे मूलद्रव्य सुमारे दहा किलोच भरते. जमाखर्च मांडताना एका बाजूला मूलद्रव्य आणि दुसऱ्या बाजूला ऑक्साइड धरले, तर दुपटीहून अधिक चूक होते. परिभाषेने येथे दोन वस्तूंना एक नाव दिले आहे, आणि या लेखात पुढे ‘स्फुरद’ हा शब्द मूलद्रव्याच्याच अर्थाने वापरला आहे.

हवेत नत्र शेकडा ७८ आहे. लाव्वाझिए याने त्याला ‘निर्जीव’ अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि त्याचा आशय असा की या वायूत प्राणी जगत नाहीत. पुढे कळून आले ते असे, की प्रथिनांचा साधारण सहावा भाग याच ‘निर्जीवा’चा असतो. अडचण एवढीच की हवेतील नत्राच्या दोन अणूंची जोडी अत्यंत घट्ट असते आणि ती फोडण्याचे सामर्थ्य सजीवांपैकी काही जीवाणूंनाच आहे. तुरीच्या मुळांवरील गाठींत हे जीवाणू राहतात. शेंगावर्गीय पिकांच्या गाठींचे हे कार्य हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घेण्याची वऱ्हाडातील रीत, तसेच मागल्या पिकाने पुढल्या पिकासाठी जमिनीत जे ठेवले त्याला ‘बेवड’ म्हणण्याची मराठी रीत, या दोन्हींचा संबंध येथे आहे. ‘बेवड’ हा शब्द परिभाषाकारांनी उचलला नाही, याचे नवल वाटते. एका हंगामाने दुसऱ्यास दिलेले देणे एका शब्दात सांगणारी दुसरी संज्ञा आपल्याजवळ नाही. मात्र शेंग आली म्हणजे बेवड आलाच, असे समजू नये. सोयाबीनचे दाणे इतके नत्र वावराबाहेर नेतात, की गाठींनी हवेतून आणलेले नत्र पुष्कळदा त्याला पुरे पडत नाही.

नत्र जसे हवेतून येते तसे हवेत जातेही, आणि काळ्या जमिनीत त्याला वाटा पुष्कळ आहेत. जमीन विम्लधर्मी असल्याने वर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. संततधारेने पाणी साचले, मातीतील हवा संपली, की दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरून नत्र मोकळे करतात. उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. म्हणून ‘नत्रचक्र’ हा शब्द सशर्त खरा आहे : चाक आहे, पण ते फिरविणारे हात सजीवांचे आहेत. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीचा कारखाना सुरू झाल्यापासून त्यांत मनुष्याच्या हाताची भर पडली आणि आज जगातील कारखाने दरवर्षी दहा कोटी टनांहून अधिक नत्र हवेतून बांधून घेतात. या कामाला लागणारा वायू जमिनीखालून येतो आणि त्याचा दर वावराच्या धन्याच्या हाती नसतो.

स्फुरदाची गोष्ट याहून सर्वस्वी वेगळी आहे. त्याला वायुरूप अवस्था व्यवहारतः नाही. ते उडत नाही, आणि म्हणून हवेतून परतही येत नाही. नेरच्या मातीतील स्फुरद मुळात आले ते दख्खनच्या बेसाल्ट खडकातून. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला आणि झिजत झिजत त्याची काळी माती झाली. या मातीत चुनखडी असते. घातलेले स्फुरद तिच्याशी बांधले जाते आणि पहिल्या हंगामात त्याचा चौथा हिस्साही सहसा पिकाला मिळत नाही. उरलेले मातीच्या कणांना धरून राहते; आणि कण वाहिला की त्याच्याबरोबर ते वाहते. भारतातील जमिनीची सरासरी धूप दर हेक्टरी दर वर्षी सुमारे १६ टन असल्याचा अंदाज १९८३ साली मांडला गेला होता. बेंबळेच्या गढूळ पाण्यातून जे जाते ते नुसती माती नव्हे. समुद्रतळाशी बसलेले स्फुरद पुन्हा जमिनीवर येण्यास तो तळच उचलला जाऊन त्याचा डोंगर व्हावा लागतो, आणि त्याला कोट्यवधी वर्षे लागतात. भूवैज्ञानिक याला चक्र म्हणू शकेल. शेतकऱ्याच्या, किंबहुना कोणत्याही राज्याच्या, दृष्टीने हा एकाच दिशेचा प्रवास आहे. भारत आपल्या गरजेचा बहुतेक स्फुरद-खडक मोरोक्को, जॉर्डन आदी देशांतून आणतो.

येथे कापसाचा हिशेब मांडण्याजोगा आहे, आणि नेरच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. एका वावरातून दहा क्विंटल कापूस निघाला असे धरू. जिनिंगमध्ये त्याची ढोबळमानाने साडेतीन क्विंटल रुई आणि साडेसहा क्विंटल सरकी होते. रुई म्हणजे शेकडा ९० हून अधिक सेल्युलोज : कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ही तिन्ही हवेतून व पाण्यातून आलेली. रुईच्या गाठी मँचेस्टरला गेल्या काय किंवा आज अन्यत्र जातात काय, वावराच्या मातीचे त्यात फारसे काही जात नाही. सरकीचे तसे नाही. तिच्यात शेकडा वीस प्रथिन धरले तर साडेसहा क्विंटलांत १३० किलो प्रथिन, म्हणजे सुमारे वीस किलो नत्र. आणि त्याबरोबर सुमारे चार किलो स्फुरद. शेतकऱ्याला भाव मिळतो तो मुख्यतः रुईच्या प्रतीवरून. जमिनीचे धन जाते ते सरकीतून.

सरकी गाळली की तेल निघते, आणि तेलही पुन्हा कार्बनचेच. नत्र व स्फुरद मागे राहतात ते ढेपेत. (पश्चिम महाराष्ट्रात ‘ढेप’ म्हटले की गूळ डोळ्यांपुढे येतो आणि या पदार्थाला ‘पेंड’ म्हणतात; विदर्भात ढेप ती सरकीची.) ही ढेप ज्या गोठ्यात जाते, त्या गोठ्याच्या उकिरड्यात ते वीस किलो नत्र व चार किलो स्फुरद यांचा मोठा भाग उतरतो, आणि तो उकिरडा ज्या वावरात पडतो, त्या वावराची पोकळी भरून निघते. गोठा गावातलाच असेल तर फेरा गावातच पुरा होतो. तो शहराच्या कडेला असेल तर नेरचे स्फुरद त्या शहराच्या गटारात जाते. हे ठरविणारी गोष्ट रसायनशास्त्राची नाही. ती बैलजोडीच्या किमतीची, वैरणीची आणि बाजाराची आहे.

शेणाचीही गोवरी झाली तर काय होते? जाळताना नत्र व गंधक उडून जातात. स्फुरद व पालाश राखेत राहतात. पऱ्हाटी वावरातच पेटविली तरी हेच घडते. फरक इतकाच की चुलीतली राख पूर्वी भांडी घासण्यास जाऊन मोरीत संपत असे, आणि पेटविलेल्या पऱ्हाटीची राख वारा वा पहिला पाऊस नेतो. कापसाच्या प्रदेशात या पऱ्हाटीचे करावयाचे काय, हा प्रश्न जुना आहे. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच प्रश्नावर काम केले. जमीन काळी, पीक कपाशीचे आणि संस्थेला साहाय्य मध्यवर्ती कापूस समितीचे, असा तो योग होता. पऱ्हाटी कठीण, लवकर कुजत नाही. म्हणून ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत आणि मग शेण, मूत्रमाती व इतर काडीकचरा यांच्या थरांत कुजवीत. ‘इंदूर पद्धती’ या नावाने ही रीत जगभर गेली. १९३१ साली तिचे वर्णन करणारा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव सहलेखक म्हणून आहे, ही गोष्ट मराठी लेखनातून फारशी आढळत नाही.

शेतीच्या भाषेने खतांचे दोन वर्ग केले आहेत : ‘भरखत’ आणि ‘वरखत’. भरखत म्हणजे शेणखत, कंपोस्ट यांसारखे जाडेभरडे खत; वरखत म्हणजे थोडक्या वजनात पुष्कळ द्रव्य असलेले. वर्गीकरण वरवर वजनाचे दिसते. पण भरखताचे द्रव्य बहुधा याच शिवारात पूर्वी फिरलेले असते आणि वरखताचे बाहेरून आलेले. रहाटाच्या गाडग्याचे पाणी पुन्हा विहिरीत ओतणे हे भरखताचे काम. विहीर आटली म्हणून दुसरीकडून पाणी आणून टाकणे हे वरखताचे. दोहोंपैकी एकच पुरे, असा आग्रह धरणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचे मत जुळत नाही. ढेप गावात राहिली तरी धुपीचा खड्डा उरतोच. आणि नुसत्या वरखताने मातीतील सेंद्रिय अंश वाढत नाही, त्यावाचून चुनखडीच्या जमिनीत घातलेले स्फुरद मोकळे होण्यास अडचण पडते.

राहता राहिली वाहून गेलेली माती. ती सारीच समुद्रापर्यंत जाते असे नाही. तिच्यातील पुष्कळशी वाटेतल्या तलावांत, बंधाऱ्यांत, धरणांत बसते. तिला मराठीत ‘गाळ’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली तेव्हा तिचा मुख्य उद्देश जलसाठ्याची क्षमता परत मिळविण्याचा व जमिनी सुपीक करण्याचा होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात आणखी एक अर्थ आहे. उतारावरून खाली गेलेले स्फुरद समुद्रात पोहोचण्यापूर्वी उचलून पुन्हा वर नेण्याचा हा मार्ग आहे, आणि तसे मार्ग फार थोडे आहेत. अर्थात गाळ सगळीकडे चालत नाही. बरड, उथळ जमिनीला तो मानवतो. आधीच भारी व निचरा नसलेल्या काळ्या जमिनीवर चिकणमातीचा आणखी थर दिला तर वाफसाच यावयाचा नाही. शिवाय तो तलावापासून किती अंतरावर नेणे परवडते, हेही पाहावे लागते.

परिभाषेपुरते बोलावयाचे तर ‘जलचक्र’ व ‘नत्रचक्र’ हे शब्द राहू द्यावेत. ‘स्फुरदचक्र’ या शब्दाऐवजी ‘स्फुरदवहन’ असा शब्द अभ्यासक्रमात योजून पाहावा, असे सुचवावेसे वाटते. तो रूढ होईल किंवा न होईल. परंतु तो स्वीकारल्यास पाठ्यपुस्तकातील आकृती तरी बदलावी लागेल. तिच्यात खडकापासून समुद्राकडे जाणारा एक जाड बाण असेल. आणि उलट दिशेचे दोन बारीक बाण, एक ढेपेच्या पोत्याचा आणि दुसरा उन्हाळ्यात तलावातून गाळ भरून चढावर निघालेल्या ट्रॅक्टरचा.